मोठ्या नळीच्या ठासणीच्या रायफलीला दारूचा दाणा कुठला?

ठासणीची रायफल नवी घेतलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, "दारू किती घालू?" "कुठल्या दाण्याची घालू?" हे त्याला सहसा डबा उघडल्यावर सुचतं. .४५ च्या, म्हणजे आतून ०.४५ इंच व्यासाच्या, नळीत हा उशीर खपून जातो. .५४, .५८, .६२ आणि पुढे .६९, .७५ अशा जाड नळ्यांमध्ये तो खपत नाही. दाणा फार बारीक निघाला तर नळीवर आणि खांद्यावर नको इतका जोर येतो. फार जाडा निघाला तर निम्मी दारू नळीबाहेर जाऊन जळते आणि नळीत कीट साचतं.

आधी शब्दांचा एक घोळ मिटवू. 'ग्रेन' हे वजन आहे. १ ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, गुंजेच्या साधारण निम्मा. ७,००० ग्रेनचा एक पौंड होतो. 'दाणा' म्हणजे दारूचा प्रत्यक्ष कण. इंग्रजीत दोन्हींना जवळपास एकच शब्द असल्यामुळे "७० ग्रेन" म्हणजे ७० दाणे असं समजणारे लोक मला भेटले आहेत. पुढे ग्रेन म्हटलं की वजन आणि दाणा म्हटलं की कण, एवढं धरून चला.

डब्यावरचे एफ

काळ्या दारूच्या डब्यावर १एफ, २एफ, ३एफ, ४एफ असे आकडे असतात. एफ जितके जास्त, दाणा तितका बारीक. अमेरिकी पद्धतीत हे चाळणीवरून ठरतं. १२ मेशच्या (इंचाला १२ भोकांच्या) चाळणीतून खाली पडतो पण १६ मेशवर अडकतो तो १एफ, म्हणजे साधारण १.२ ते १.७ मिलिमीटरचा दाणा. २एफ १६ ते ३० मेशमधला, ०.६ ते १.२ मिलिमीटरचा. ३एफ २० ते ५० मेशमधला, ०.३ ते ०.८५ मिलिमीटरचा. ४एफ ४० ते १०० मेशचा असतो, जवळजवळ भुकटीच. तो चकमकीच्या बंदुकीच्या कानाशी (नळीच्या बाजूच्या भोकाशी) रंजक, म्हणजे पेटवण्यापुरती दारू, म्हणून घालायचा. मुख्य बारात, म्हणजे गोळीमागे भरायच्या दारूत, ४एफ कधीही भरू नका.

या आकड्यांत एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. २एफ आणि ३एफ एकमेकांवर चढलेले आहेत. एका कारखान्याची जाडसर ३एफ आणि दुसऱ्याची बारीकसर २एफ यांतला फरक तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच कमी असू शकतो. आणि दाणा सारखा असला तरी दारू सारखी असेलच असं नाही. कोळसा कुठल्या लाकडाचा, मिश्रण किती वेळ घोटलं, वडी किती दाबली, यावर जळण्याचा वेग बदलतो. स्वित्झर्लंडमधली 'स्विस' दारू त्याच नंबरच्या इतर बऱ्याच दारूंपेक्षा तेज चालते. तिच्यात १एफ आणि २एफच्या मधला दीड एफचा दाणाही मिळतो, आणि जाड नळ्यांसाठी तो मला फार सोयीचा वाटतो. थोडक्यात, कुणी तुम्हाला "७० ग्रेन २एफ" असं सांगितलं आणि कारखान्याचं नाव सांगितलं नाही, तर ती माहिती अर्धीच आहे.

नवा डबा आला की मी चिमूटभर दारू पांढऱ्या कागदावर पसरून शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवतो आणि भिंगातून पाहतो. दाणे एकसारखे आहेत का, कोपरे शाबूत आहेत का, तळाशी धूळ किती, हे दोन मिनिटांत कळतं. धूळ जास्त असली तर ती दारू डब्यावरच्या नंबरापेक्षा तेज निघू शकते. पाहून झालं की ती चिमूट परत डब्यात जात नाही.

बारीक दाणा तेज का?

काळी दारू पृष्ठभागावरून आत जळत जाते. ज्वाळा आधी दाण्यांमधल्या फटींतून साऱ्या बारभर पसरते, मग प्रत्येक दाणा बाहेरून आत झिजतो. एकाच वजनाच्या दारूत दाणे बारीक असले की एकूण पृष्ठभाग वाढतो. १.४ मिलिमीटरच्या दाण्याऐवजी ०.५५ मिलिमीटरचा घेतला तर तेवढ्याच दारूला सुमारे अडीच पट पृष्ठभाग मिळतो. वायू लवकर तयार होतो, आणि गोळी जागची हलत असतानाच दाब शिखराला पोचतो. जाड दाण्यात तोच वायू सावकाश येतो, शिखर बुटकं राहतं आणि ढकल लांबते.

हे तोफवाल्यांना फार महागात शिकावं लागलं. १८६० च्या आसपास अमेरिकी लष्करातल्या थॉमस रॉडमनने अवजड तोफांसाठी मुद्दाम मोठमोठ्या दाण्यांची दारू वापरात आणली. तोफेचं तोंड रुंद झालं, गोळा जड झाला आणि जुनी बारीक दारू तोफा फोडू लागली, म्हणून. आपली रायफल तोफ नव्हे, पण हिशेब त्याच जातीचा आहे.

नळी मोठी झाली की काय होतं

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा थांबू.

१०० ग्रेन दारू .४५ च्या नळीत ओतली तर तिचा थर सुमारे ६ सेंटीमीटर उंच होतो. .५८ मध्ये पावणेचार, .७५ मध्ये सव्वादोनच. मोठ्या नळीत तेवढीच दारू बुटक्या, रुंद थरात बसते, आणि गोळी थोडी पुढे सरकताच वायूला पसरायला भरपूर जागा मिळते. त्यामुळे हलका बार मोठ्या नळीत कमी दाबाने जळतो. जाड दाण्याला असा कमी दाब मानवत नाही. तो अर्धवट जळतो.

दुसरीकडे गोळीचं वजन व्यासाच्या घनाने वाढतं. .५० साठीची .४९० ची शिशाची गोल गोळी सुमारे १७७ ग्रेनची, .५८ साठीची .५७० ची सुमारे २८०, .६२ साठीची .६१० ची ३४० आणि .७५ साठीची .७३५ ची जवळजवळ ६०० ग्रेनची. नळीचं तोंड मात्र वर्गानेच वाढतं. म्हणून मोठ्या नळीत दर चौरस सेंटीमीटरमागे ढकलायचं वजन जास्त असतं, गोळी जागेवरून उठायला वेळ लावते आणि मागे वायू कोंडतो. बार नळीच्या मानाने भरलेला असेल तर दाब झपाट्याने चढतो, आणि तिथे बारीक दाणा नडतो.

म्हणजे "नळी मोठी तर दाणा जाडा" हे अर्धसत्य आहे. नळीच्या मानाने बार हलका की भारी, आणि पुढे गोळी किती जड, हे धरल्याशिवाय ते पुरं होत नाही. .६२ मध्ये ६० ग्रेनचा निशाणेबाजीचा बार आणि १२० ग्रेनचा शिकारी बार या दाण्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या बंदुका आहेत.

भिंतीचा मुद्दाही विसरू नका. बाहेरून एक इंचाची अष्टकोनी नळी घ्या. आत .४५ चं भोक असेल तर सपाट बाजूला भिंत ७ मिलिमीटरची राहते. .५८ ला ५.३, .६२ ला ४.८. भोक वाढलं की आतला दाब भिंतीवर जास्त रुंदीने ताण देतो, आणि तो सोसायला लोखंड मात्र कमी उरतं. सारखाच दाब .४५ ला सहज झेपेल आणि .६२ ला जड जाईल, तो यामुळे.

पहिली पायरी: आपली बंदूक ओळखा

नळीचा खरा व्यास मोजून घ्या, कोरलेल्या आकड्यावर जाऊ नका. उत्पादकाचं पुस्तक काढा आणि त्यात सांगितलेला कमाल बार आणि दाणा वहीत लिहा. पुढचा सगळा प्रयोग त्या मर्यादेच्या आत करायचा आहे. जुनी बंदूक असेल, पुस्तक नसेल, नळीत गंजाचे खड्डे असतील, तर आधी जाणत्या बंदूक-कारागिराला दाखवा. परवाना आणि दारू साठवण्याचे तुमच्या देशातले नियमही याच वेळी पाहून घ्या.

मग मागचा भाग पाहा. काही टोपीच्या (घोडा आपटून फुटणाऱ्या लहान स्फोटक टोपीने पेटणाऱ्या) रायफलींत नळीच्या बुडाशी एक अरुंद कोठी असते आणि निपलकडून, म्हणजे टोपी बसते त्या पोकळ बोंडाकडून, येणारी ज्वाळा बारीक बोळातून तिथे पोचते. १एफचे जाड दाणे त्या बोळाच्या तोंडाशी अडकतात, आत शिरत नाहीत. मग टोपी फुटते, बार उडत नाही. उडालाच तर क्षणभर थांबून उडतो. अशा बंदुकीला २एफपेक्षा जाड दाणा देऊ नये असं माझं मत आहे, नळी कितीही मोठी असो. चकमकीच्या बंदुकीत कान थेट बारात उघडतो, म्हणून तिथे ही अडचण कमी. तरी तिथेही जाड दाणा पेट घ्यायला किंचित आळशी असतो.

दुसरी पायरी: गोळी कुठली?

चिंधीत गुंडाळलेली गोल गोळी सगळ्यात सोशिक. ती हलकी असते, लवकर हलते. .५४ ते .६२ मध्ये २एफ हा तिचा स्वाभाविक सोबती, आणि हलक्या बाराला ३एफही चालते. बरेच नेमबाज .५० आणि .५४ मध्ये ३एफच वापरतात, कारण कीट कमी साचतं. त्यांचं चुकत नाही, बार कमी केलेला असला म्हणजे झालं.

मिनिए गोळीचं वेगळं. तिच्या बुडाशी पोकळी आणि पातळ घेर असतो. वायूच्या दाबाने तो घेर फुलून आट्यांत, म्हणजे नळीच्या आतल्या वळणदार खाचांत, बसतो. घेर फुलायला पुरेसा दाब हवा, पण तो फार जोरात आला तर घेर नळीच्या तोंडाबाहेर पडताना झग्यासारखा उलगडतो आणि गोळी वाट्टेल तिकडे जाते. १८५३ च्या .५७७ एनफिल्डचा लष्करी बार अडीच ड्रॅमचा, म्हणजे ६८ ग्रेनचा होता, आणि पुढे ५३० ग्रेनची गोळी. १८६१ च्या .५८ स्प्रिंगफील्डला ६० ग्रेन पुरत. एवढ्या जड गोळीला एवढाच बार आणि तोही बेताच्या दाण्याचा. मिनिएला २एफने सुरुवात करा आणि बार वाढवायचा मोह आवरा. ३एफ वापरणारेही आहेत, पण ते ४० ते ५० ग्रेनच्या घरात राहतात.

भरीव, लांब, जड गोळीला सगळ्यात जास्त सावधपणा हवा. तिथे दाब सगळ्यात लवकर चढतो. .५४ च्या वर अशी गोळी असेल तर दीड एफ किंवा २एफ. ३एफला हात लावू नये.

.६९ च्या पुढच्या नळ्यांत मात्र १एफचं राज्य सुरू होतं. एकोणिसाव्या शतकात मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी बनलेल्या रायफली पाहा. इंग्रज शिकारी सॅम्युएल बेकरची ४ बोअरची (एक पौंड शिशाच्या चार गोळ्या होतील एवढ्या नळीची) रायफल २१ पौंडांची होती आणि तिचा बार १६ ड्रॅमचा, म्हणजे ४३७ ग्रेनचा. असल्या बाराला बारीक दाणा घालणं म्हणजे स्वतःच्या खांद्याशी वैर. मध्य प्रांतात नोकरी केलेल्या कॅप्टन जेम्स फोर्सिथने १४ बोअरच्या नळीला १०४ इंचांत एक फेरा इतका संथ पेच (आट्यांचं वळण) सुचवला, तोही भारी बारामागे गोल गोळी आट्यांवरून घसरू नये म्हणून. पेच आणि बार यांचं नातं असं असतं. तुमच्या नळीचा पेच संथ असेल तर ती भारी बार आणि जाड दाणा मागते. पेच जलद असेल तर गोल गोळीला हलकाच बार लागतो, आणि तिथे बारीक दाणा शोभतो.

तिसरी पायरी: पहिला अंदाज

मी असा बसवतो. गोल गोळी, .५४ ते .६२: २एफ. मिनिए, .५८: २एफ. .६९ ते .७५, बार १०० ग्रेनच्या खाली: २एफ किंवा दीड एफ. बार त्याच्या वर: १एफ. बहुतेक लोक १एफकडे फार लवकर जातात असा माझा अनुभव आहे. नळी मोठी दिसली की जाडा दाणा घेतात, बार मात्र ७० ग्रेनचाच ठेवतात आणि मग कीट का साचतं म्हणून चिंधी घासत बसतात. मीही एका .६२ वर एक अख्खा डबा असाच घालवला आहे.

बाराची सुरुवात नळीच्या आकड्याइतक्या ग्रेनने करा, .५८ ला ५८-६० ग्रेन. उत्पादकाने याहून कमी सांगितलं असेल तर त्याचं ऐका. २एफवरून ३एफवर जाताना बार १० ते १५ टक्क्यांनी कमी करायचा. ८० ग्रेन २एफ असेल तर ३एफचे ६८ ते ७२. आधी कमी करायचा, मग पाहायचं. बारीक दारू मापात जरा जास्त घट्ट बसते, त्यामुळे तेच माप वापरलं तर नकळत वजनही वाढतं.

पर्यायी दारूंबद्दल दोन वाक्यं. पायरोडेक्स या काळ्या दारूच्या पर्यायाची आरएस ही साधारण २एफच्या जागी आणि पी ही ३एफच्या जागी येते, आणि ती मापाने भरायची, वजनाने नाही. चकमकीच्या बंदुकीत ती नीट पेटत नाही. आणि धूरविरहित आधुनिक दारू ठासणीच्या बंदुकीत चिमूटभरही नको. तिने नळ्या फुटल्या आहेत, हात गेले आहेत.

चौथी पायरी: मैदानावर

टेकू लावून ५० यार्डांवर बसा. एका वेळी एकच गोष्ट बदला: आज दाणा तर दाणाच. चिंधी, वंगण, गोळी, टोपी सगळं तेच. प्रत्येक बारानंतर नळी ओल्या आणि मग कोरड्या चिंधीने सारखीच पुसा, नाहीतर तुम्ही दाणा नव्हे, कीट मोजत बसाल. पाच-पाच गोळ्यांचे गट मारा. .६२ पर्यंत ५-५ ग्रेनने आणि त्यापुढे १०-१० ग्रेनने बार वाढवत न्या, उत्पादकाच्या मर्यादेच्या आत.

दारू शिंगातून किंवा डब्यातून थेट नळीत कधी ओतू नका. तळाशी एखादी ठिणगी जिवंत असली तर अख्खं शिंग हातात फुटतं. आधी मापात, मग मापातून नळीत. गोळी दारूवर पक्की टेकली पाहिजे. गजावर एक खूण करून ठेवा. खूण नळीच्या तोंडाशी आली नाही तर गोळी मधेच अडकली आहे आणि खाली पोकळी आहे. तशा अवस्थेत चाप ओढला तर नळी फुगते. गज प्रत्येक वेळी सारख्याच जोराने दाबा. आपटू नका, दाणे चुरडतात आणि २एफची ३एफ होते. बार उडाला नाही तर तोंड निशाणाकडेच ठेवून पूर्ण एक मिनिट थांबा.

क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) असेल तर तो तोंडापासून ४-५ मीटर पुढे ठेवा. जवळ ठेवला तर धूर आणि चिंधीच मोजली जाते. सरासरी वेगापेक्षा पाच गोळ्यांतल्या सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद गोळीतलं अंतर पाहा. दाणा नळीला मानवला की हे अंतर आक्रसतं.

पाचवी पायरी: पुरावा वाचा

नळीच्या पुढे जमिनीवर पडलेल्या चिंध्या गोळा करा. चांगली चिंधी मधोमध काळी असते, कडेला आट्यांच्या रेघा उमटलेल्या असतात, आणि कापड शाबूत असतं. गोळीच्या कडेने जिथे दुमड असते तिथे जळून भोक पडलं असेल तर एकतर चिंधी पातळ आहे किंवा दाणा त्या बाराला तेज आहे. जाड चिंधीने प्रश्न सुटला नाही तर एक पायरी जाड दाण्यावर जा.

उलट तपासणीसाठी एक जुनी युक्ती आहे. बंदूक भरण्याआधी पांढरी चादर ओलसर करून तोंडापुढे एक ते चार मीटरपर्यंत जमिनीवर अंथरा, कडांना दगड ठेवा. तीन बार उडवा, बंदूक रिकामी झाल्याची खात्री करा आणि मग चादर पाहा. काजळीचे पुसट डाग असणारच, कारण काळी दारू चोख जळली तरी तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घन राखेच्या रूपानेच बाहेर पडतो. पण अखंड, टोकदार काळे कण मोजता येण्याइतके सापडले तर दाणा जाडा आहे किंवा बार त्याच्या मानाने हलका. माझ्या त्या .६२ च्या चादरीवर हिंगाच्या खड्यांसारखे दाणे विखुरलेले होते. नळी ३० इंचांहून आखूड असेल तर हे आणखी लवकर दिसतं, कारण जाड दाण्याला जळायला नळीची लांबी लागते.

कीट कुठे जमतं हेही पाहा. पुसताना गज बुडाशी, गोळी बसते त्याच्या आसपास अडखळत असेल तर तिथे कडक कड्यासारखा थर जमला आहे. बारीक, तेज दाण्यात हे कडं जास्त दिसतं. संपूर्ण नळीभर मऊ, तेलकट काजळी असेल तर बहुधा दाणा जाडा, दाब कमी. कोरड्या हवेत कडं लवकर वाळतं आणि टणक होतं, म्हणून वहीत हवामानाचीही नोंद ठेवा.

आवाज आणि धक्काही बोलतात. तेज दाण्याचा धक्का टोचल्यासारखा, जाड दाण्याचा ढकलल्यासारखा. पण कानावर आणि खांद्यावर शेवटचा निकाल सोडू नका. कागदावरचा गट घट्ट असेल, चिंधी शाबूत असेल, पाचव्या गोळीलाही गज सहज उतरत असेल तर तो दाणा तुमचा. २एफ आणि १एफ दोन्ही सारखेच गट देत असतील तर मी २एफ ठेवतो, कारण ती कमी लागते आणि बाकी रायफलींनाही चालते. ३एफ आणि २एफ बरोबरीत असतील आणि नळी .५८ च्या वर असेल तर २एफ, भिंतीचा विचार करून.

मधल्या दाण्यासाठी घरी दोन नंबर मिसळायचा विचार पुष्कळांना येतो. नको. डबा हलला की बारीक दाणे खाली बसतात आणि प्रत्येक बार वेगळा होतो. मधलाच हवा असेल तर दीड एफ विकत घ्या.

निकाल लागला की वहीत कारखाना, दाणा, डब्यावरचा लॉट नंबर, बार, गोळी, चिंधीची जाडी आणि गजावरच्या खुणेची उंची लिहा. नवा डबा आणाल तेव्हा जुन्या डब्यातले पाच बार राखून ठेवलेले असू द्या. त्याच दिवशी, त्याच कागदावर पाच जुन्याचे, पाच नव्याचे मारा. दोन गट एकाच जागी पडले नाहीत तर नव्या लॉटचा बार ५ ग्रेन कमी करून पुन्हा सुरुवात करा.